बालवाडीची पोरं वृद्धाश्रमात : संस्कार की फोटो?

जुळेसोलापूरकर : परवा इथं एका ताईंनी लिहिलं, प्रत्येक बालवाडीनं महिन्यातून एकदा वृद्धाश्रमात जावं, पोरांवर संस्कार होतात अन् म्हाताऱ्यांना विरंगुळा. वाचून डोकंच फिरलं. माझी मावशी तीन वर्षं अशा ठिकाणी होती. संक्रांतीला, आमच्या गड्डा जत्रेच्या सुमाराला पोरं यायची, दोन गाणी, तिळगूळ, केळं, फोटो, अर्ध्या तासात गाडी सुटली. एक शेंबडं तिच्या मांडीवर बसलं होतं, पुढं महिनाभर मला विचारायची, 'ते परत कधी येणार?' काय सांगणार बे?

पूर्वभागातली : दादा, वाईट वाटलं. पण महिन्यातून एकदा हाच तर घोळ आहे! सिएटलला एका वृद्धाश्रमाच्या इमारतीतच १९९१ पासून बालवाडी चालते, पोरं सोमवार ते शुक्रवार तिथंच. परत कधी येणार हा प्रश्नच नाही.

नळाची_वाट : सिएटलला नळ पण रोज येत असेल 😄 आमच्या कॉलनीत कट्ट्यावर असंच सुरू केलेलं, चारला पोरं जमली, आज्या गायब, का तर पाणी आलं. उजनी धरण भरलं काय अन् नाही काय, आमचं चार-पाच दिवसांआडच.

हद्दवाढ : कट्टा आहे, पाचव्या दिवशी का होईना नळ येतो, नशीबवान आहात. आम्ही टँकरमागं घागरी घेऊन पळतो, तेही आजीच पळते.

नळाची_वाट : मग टँकरवाल्याला सांगा की, मला काय बोलालास?

जुळेसोलापूरकर : धागा पाण्याचा नाही!!

पूर्वभागातली : आमची अज्जी विड्या वळायची, गल्लीतली चार-पाच पोरं दिवसभर तिच्या सुपाभोवती. तेलुगू तिथंच शिकली, पंचवीस विड्यांची जुडी मोजत आकडे पण. कुणी कार्यक्रम नव्हता ठेवला.

हद्दवाढ : वा, म्हणजे लहान पोरं तंबाखूच्या धुळीत बसवायची. भारी संस्कार.

पूर्वभागातली : धूळ होती, मान्य. पण मजुरी हजार विड्यांवर मिळायची, सूप बाजूला ठेवून गोष्ट सांगायचे पैसे तुम्ही देणार होतात का? एसीत बसून बोलणं सोपं असतं.

हद्दवाढ : एसी? इथं लाईट तरी असते का!

जुळेसोलापूरकर : बरं बाई, रोजचं असेल तर माझं म्हणणं मागं घेतो. केळं-फोटोवाल्यांबद्दलचं नाही घेत. मावशीच्या आश्रमाला लागूनच अंगणवाडी होती, मधे एकच भिंत. तीन वर्षांत तिथं दार पाडावं असं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

नळाची_वाट : पाडा की दार. फक्त पाण्याचा दिवस सोडून.