मदत हवी आहे: 11 ची कसोटी (11 ने भाग जातो का ते ओळखायची रीत) दाण्यांनी कशी दाखवावी?

नमस्कार मंडळी, मी वसमतजवळच्या खेड्यात राहतो. पुतणी पाचवीत आहे. "असं का?" विचारल्याशिवाय ती पुढं सरकत नाही, अन् तिचं तेच मला फार आवडतं.

3 ची कसोटी आम्ही हरभऱ्यावर केली. 252 दाणे घेऊन शंभराचे, दहाचे ढीग लावले. दहातून 9 काढले की 1 उरतो, शंभरातून 99 काढले तरी 1 च. उरले 2 + 5 + 2, म्हणजे 9. तिनं स्वतः मोजलं आणि लगेच म्हणाली, "काका, मग 9 ची कसोटी पण हीच की!"

अडलंय 11 पाशी. 253 मध्ये 2 + 3 − 5 = 0, म्हणून भाग जातो, एवढं तिला पाठ आहे. शंभरात 99 वर 1 उरतो, ते दिसतं. पण दहाला 11 व्हायला 1 कमी पडतो. शंभरांतून उरलेले 2 अन् सुटे 3, असे 5 दाणे दहाच्या पाच ढिगांना उसने दिले, जमलं. मग 282 घेतली, तर आठ ढिगांना द्यायला चारच दाणे! ऋण संख्या तिला अजून शिकवलेल्या नाहीत.

ही कमतरता दाण्यांतच कशी दाखवावी? कुणी वर्गात करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.