मदत हवी आहे: घरी शिकणाऱ्या मुलीची उन्हाळी सुट्टी
नमस्कार मंडळी. आमची नऊ वर्षांची लेक घरीच शिकते. पुढे एनआयओएसची (केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) पाचवीच्या तोडीची परीक्षा द्यायचा विचार आहे. सध्या आतेभावंडं सुट्टीला आलीत, त्यामुळे ती वही उघडायलाच तयार नाही, आणि मलाही बळजबरी करवत नाही. आजीबरोबर कुरडया घालताना मात्र गहू तीन दिवस का भिजवायचे, चिकाला पाणी किती, सगळं खोदून खोदून विचारलं! मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर आल्याने उभ्या वस्तूची सावली दिसत नाही. तोवर गच्चीत काठी उभी करून रोज साडेबाराला सावली मोजायचं ठरलंय. असं आणखी काय करता येईल? विशेषतः मराठी लेखनासाठी सुचवा. घरातली मोठी माणसं वर्ष वाया जाईल म्हणतात, तेव्हा फार खचायला होतं. ज्यांची मुलं या वाटेने पुढे गेलीत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.