शब्दचर्चा : मुलाच्या पत्रातला ‘सर’ आणि ‘ड्यूटी’

प्रश्न : अठराव्या शतकातल्या अमेरिकेतील बापलेकांची पत्रे मराठीत आणताना मुलाच्या ‘डिअर सर’चे काय करावे? ‘महाशय’ फार कोरडे वाटते. आणि ‘प्रेझेंट माय ड्यूटी टू ग्रँडपापा’ यात कर्तव्य कोणते?

उत्तर १ : ‘महाशय’ नकोच. तेव्हा वडिलांना ‘सर’ लिहिणे ही घरातलीच रीत होती, त्यात दुरावा नसे. २ जून १७७७ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेनट्री गावाहून जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स (पुढे अमेरिकेचा अध्यक्ष) वडिलांना ‘डिअर सर’ असेच लिहितो. दहा वर्षांचाही नाही. पत्रे यावीत असे फार वाटते, लिहायला तितके आवडत नाही, डोके चंचल आहे, असे मोकळेपणाने सांगतो आणि ताजा कलमात पुन्हा ‘सर’ म्हणून कोरी वही मागतो, वाचनातले टिपून ठेवायला. मी ‘ती. बाबांस’ लिहीन, आणि वडिलांसाठी ‘आपण’.

‘ड्यूटी’ म्हणजे सरळ नमस्कार. वडीलधाऱ्यांना ‘ड्यूटी’, भावंडांना ‘लव्ह’. आपल्याकडच्या ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ यासारखीच ही उतरंड, म्हणून दोन्हीकडे ‘प्रेम’ लिहिले की ती पुसली जाते.

उत्तर २ : ड्यूटीबद्दल सहमत. ‘ती.’ मात्र खटकते. काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या घरात ‘तीर्थरूप’ कुठून येणार? ‘आदरणीय बाबांस’ पुरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मायना पत्रातल्या सुराप्रमाणे बदलू नये. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बेंजामिन फ्रँकलिन ब्रिटिशांविरुद्धच्या बंडखोरांकडे, मुलगा विल्यम राजनिष्ठ, न्यू जर्सीचा गव्हर्नर. युद्धानंतर २२ जुलै १७८४ ला विल्यम ‘प्रिय व आदरणीय वडील’ अशा अर्थाच्या मायन्याने समेट मागतो. १६ ऑगस्टच्या उत्तरात, एकुलत्या एका मुलाने म्हातारपणी साथ सोडली याइतके दुसरे काहीच लागले नाही, असे वडील लिहितात. वर मात्र ‘डिअर सन’च आहे. तिथे ‘चि.’ गाळून नुसते ‘विल्यम’ केले, तर लेखकाने न दाखवलेला राग आपण मायन्यात घालतो.

उत्तर १ : पटले, ‘आदरणीय’ चालेल. आणखी तीन शब्द फसवतात. ‘युअर फेव्हर’ म्हणजे उपकार नव्हे, ‘आपले पत्र’. ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा. ३ ऑगस्टच्या पत्रात ‘२८ अल्टिमो’ दिसले तर ती २८ जुलै. इथे चूक झाली की उत्तर मूळ पत्राच्या आधी पडते आणि सगळा क्रम बिघडतो.

उत्तर ३ : ‘कव्हर’ही सांभाळा. रोजचे पत्र म्हणजे घडी घालून लाखेने किंवा पिठाच्या चकतीने चिकटवलेला कागद, पत्ता बाहेरच्या घडीवर. टपालखर्च अंतर आणि कागदांच्या संख्येवर, बहुधा घेणाऱ्याच्या माथी. वेगळे कव्हर लावले की एक कागद वाढला, म्हणजे दर दुप्पट. म्हणून जिथे ‘कव्हर’ येते तिथे पैशाचा किंवा आत घातलेल्या दुसऱ्या पत्राचा विषय आहे का, हे आधी बघा. शिक्का फोडताना कागद फाटून काही अक्षरे जात. छापील आवृत्तीत ती चौकटी कंसात भरलेली असतात, ते कंस मराठीतही ठेवावेत.