अमेरिकन यादवीच्या आधीचं राजकारण: वाचन कुठून सुरू करू?

कोकणकडा: जोतीरावांचं 'गुलामगिरी' (१८७३) परत वाचायला घेतलंय. अर्पणपत्रिकेत अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांचा गौरव आहे, तिथून हे डोक्यात शिरलं. लढाया नकोत, त्याआधीचं राजकारण हवंय. ऑफिसातला मित्र म्हणतो, भांडण राज्यांच्या हक्कांचं, गुलामगिरी नुसतं निमित्त. काय वाचू?

सदूभाऊ: आधी १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा वाचा. केंद्राची माणसं उत्तरेतल्या राज्यांत शिरून धरपकड करणार; पकडलेल्याला ज्युरी नाही, स्वतःची साक्षही देता येत नाही. सुनावणी घेणाऱ्या कमिशनरनं माणूस मालकाच्या हवाली केला तर फी १० डॉलर, सोडला तर ५. (म्हणे कागदपत्रं जास्त लागतात!) उत्तरेतल्या राज्यांनी आपले कायदे करून आडकाठी केली, तेव्हा गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेला राज्यांचे हक्क आठवले नाहीत. उलट डिसेंबर १८६० मध्ये फुटून निघताना साउथ कॅरोलिनानं जे कारणपत्र काढलं, त्यात हीच तक्रार आहे. मिसिसिपीचं तर सुरुवातच गुलामगिरीपासून करतं. दोन्ही छोटी आहेत, नेटवर फुकट मिळतात. मित्राला तीच द्या.

पमाकाकू: +१, पण कॅन्सस (तेव्हाचा पश्चिमेकडचा नवा प्रदेश) सोडू नका. १८२० च्या मिसूरी तडजोडीनं ३६ अंश ३० मिनिटांवर आखलेली रेघ (तिच्या उत्तरेच्या नव्या प्रदेशात गुलामगिरी बंद) १८५४ मध्ये सिनेटर स्टीफन डग्लसनं पुसली. गुलामगिरी हवी की नको ते तिथल्या रहिवाशांनी ठरवावं, म्हणे. झालं, शेजारच्या गुलामगिरीवाल्या मिसूरीतून टोळ्याच्या टोळ्या मतदानाला! मे १८५६ मध्ये गुलामगिरीविरोधी सिनेटर समनर यावर बोलले, तर दोन दिवसांनी ब्रुक्स नावाच्या दक्षिणेतल्या खासदारानं सभागृहातच त्यांना काठीनं बडवलं. डेस्क जमिनीला ठोकलेलं, समनर त्यात अडकले. ते उखडूनच उठले. काठीचे तुकडे झाले, तर दक्षिणेतून ब्रुक्सला नव्या काठ्या भेट आल्या.

कोकणकडा: बाप रे. ड्रेड स्कॉटचा निकाल वाचवेल का?

सदूभाऊ: १८५७ चा ना, स्वातंत्र्यासाठी कोर्टात गेलेल्या गुलामाचा? अख्खा नको, दमाल. काळे नागरिक होऊच शकत नाहीत, हे सरन्यायाधीश टॉनींचं मत वाचा आणि लगोलग कर्टिस यांचं विरोधी. राज्यघटना झाली तेव्हा काही राज्यांत स्वतंत्र काळे मतदान करत होते, हे कर्टिस दाखवून देतात.

रिकामटेकडा: मुंबईच्या कापूस-तेजीवर काही आहे का?

पमाकाकू: ती युद्ध पेटल्यानंतरची भानगड, वेगळा धागा काढा. कोकणकडा, १८५८ च्या सिनेटच्या जागेसाठी झालेल्या लिंकन-डग्लस वादसभा सातही वाचू नका. फ्रीपोर्ट गावातली आणि शेवटची ऑल्टनमधली, बास.