डीएसएलआरवर चित्रित केलेला लघुपट चित्रपटगृहाच्या पडद्यावर टिकेल का?

रातकिडा

नमस्कार. गेली काही वर्षे मी स्थिरचित्रणासाठी एक फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला) डीएसएलआर वापरतो आहे आणि आता त्याच कॅमेऱ्यावर सुमारे २२ मिनिटांचा लघुपट चित्रित करण्याचा विचार आहे. कथेत दोनच पात्रे आहेत. बहुतेक प्रसंग रात्री, घराच्या आत, एखाददुसऱ्या दिव्याच्या उजेडात घडतात. दोन प्रसंग भर उन्हात आहेत आणि एक चालत्या बसमध्ये. माझा कॅमेरा फुल एचडी व्यवस्थित नोंदवतो. फोर-केची सोय आहे, परंतु ती वापरली की सेन्सरचा मधला भागच घेतला जातो आणि रुंद लेन्सचा रुंदपणा निघून जातो. दोन्हींत नोंद ८ बिट, ४:२:० एवढीच होते. लेन्स तीन आहेत : ५० मिमी आणि ८५ मिमी, दोन्ही एफ/१.८, आणि २४-७० मिमी एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे).

लघुपट महोत्सवांना पाठवायचा आहे, म्हणजे निवड झालीच तर तो मोठ्या पडद्यावर दिसणार. छायालेखन करणारा एक मित्र म्हणतो, सिनेमा कॅमेरा भाड्याने घे, नाहीतर पडद्यावर सगळे उघडे पडेल. दुसऱ्याचे म्हणणे असे की कॅमेऱ्याला महत्त्व नसते, नजर हवी. या दोन्ही उत्तरांनी माझे काम भागत नाही. हा कॅमेरा नेमका कोठे कमी पडतो, त्यातले काय चित्रीकरणाच्या वेळी सांभाळून घेता येते आणि काय कितीही सांभाळले तरी हाताबाहेर राहते, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

उघडझाप

पडद्याच्या आकाराची धास्ती आधी बाजूला ठेवू. चित्रपटगृहात जी डिजिटल प्रत जाते, तिच्या टू-के प्रकारात १.८५ प्रमाणाची चौकट १९९८ × १०८० पिक्सेलची असते आणि तुमची फुल एचडी चौकट १९२० × १०८० ची आहे. आकड्यांत फारसे अंतर नाही. प्रश्न एवढाच, की तुमच्या कॅमेऱ्याच्या त्या १०८० ओळींत खरा तपशील किती आणि कॅमेऱ्याने अंदाजाने भरलेला किती.

डीएसएलआरवर चलच्चित्रणाची सोय २००८ मध्ये निकॉनच्या डी९० ने प्रथम आणली आणि त्याच वर्षी आलेल्या कॅननच्या ५डी मार्क २ ने फुल एचडी दिल्यामुळे सिनेमावाल्यांचे लक्ष तिकडे वळले. त्याचा सेन्सर २१ मेगापिक्सेलचा, ५६१६ पिक्सेल रुंद. इतके पिक्सेल सेकंदाला तीस वेळा वाचून काढणे तेव्हाच्या यंत्रणेला झेपणारे नव्हते, म्हणून साधारण तीन ओळींतली एक वाचायची आणि बाकीच्या सोडून द्यायच्या, असा मार्ग काढला गेला. विटांच्या भिंतीवर, कौलांवर किंवा बारीक चौकड्यांच्या सदऱ्यावर जे रंगीत तरंग नाचताना दिसतात, ज्यांना मॉइरे म्हणतात, त्यांचे मूळ या सोडलेल्या ओळींत आहे. पुढच्या कॅमेऱ्यांत हे बरेच सुधारले, तरी तुमचा कॅमेरा कोणत्या पद्धतीने वाचन करतो हे त्याच्यासमोर बारीक विणीचे कापड धरून स्वतः पाहून घ्या. हे तरंग एकदा नोंदले गेले की संकलनाच्या टेबलावर ते समाधानकारक पुसता येत नाहीत. त्यावर उपाय कपडेपटात आहे. पात्रांना बारीक रेघांचे कपडे देऊ नका आणि पार्श्वभूमी थोडी फोकसबाहेर राहू द्या.

माझ्या मते तुमच्या लघुपटाची खरी अडचण आहे ती ८ बिट, ४:२:० ही नोंद. ८ बिटांत प्रत्येक रंगवाहिनीला प्रकाशाच्या २५६ पायऱ्या मिळतात, १० बिटांत १०२४. शिवाय ४:२:० मध्ये रंगाची माहिती चार पिक्सेलांच्या चौकोनाला मिळून एकदाच ठेवली जाते, म्हणजे तुमच्या १९२० × १०८० च्या चित्रात रंग प्रत्यक्षात ९६० × ५४० एवढाच असतो. डोळ्याला हे सहसा जाणवत नाही, परंतु ग्रेडिंगमध्ये, म्हणजे संकलनानंतर रंग-उजेड सुधारताना, सावल्या उचलायला गेलात की भिंतीवर उजेडाच्या पट्ट्या पडू लागतात आणि चेहऱ्याच्या काळोख्या बाजूला ठोकळे दिसतात. रात्रीचे घर, एकच दिवा आणि मागे साधी भिंत हे तुमचे दृश्य नेमके याच दुखण्याला आमंत्रण देणारे आहे.

यावर माझी पद्धत अशी आहे. चित्र जसे अखेर दिसायला हवे, त्याच्या शक्य तितके जवळचे कॅमेऱ्यातच मिळवायचे. व्हाइट बॅलन्स केल्व्हिनमध्ये पक्का करायचा, प्रोफाइलमधील शार्पनेस शून्यावर आणायचा, कॉन्ट्रास्ट थोडा कमी करायचा, पण ८ बिटांत अगदी सपाट लॉग प्रोफाइल (नंतर ग्रेडिंग करण्यासाठी मुद्दाम फिके ठेवलेले चित्र) वापरण्याचा मोह टाळायचा, कारण ज्या २५६ पायऱ्या आधीच अपुऱ्या आहेत त्या लॉगमुळे आणखी विस्तृत उजेडावर वाटल्या जातात. रात्रीचा प्रसंग अंधारात चित्रित करण्याऐवजी पुरेसा उजेड देऊन, मात्र उजेड-सावलीचे प्रमाण रात्रीचे ठेवून चित्रित करा आणि मग ग्रेडिंगमध्ये किंचित खाली आणा. खाली आणलेले चित्र दाणे (अंधाऱ्या भागातले बारीक ठिपके) लपवते, वर उचललेले ते उघडे करते.

उन्हातल्या प्रसंगांचे गणित सोपे आहे. सेकंदाला २४ चौकटी आणि शटर १/५० हे धरून चालू, कारण हालचालीतला जो ओझरता धूसरपणा आपण सिनेमाशी जोडतो तो त्यातून येतो. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १०० ठेवले तर १/५० ला अॅपर्चर एफ/२२ च्या आसपास जाते. तेच तुम्हाला एफ/२.८ वर हवे असेल तर सहा स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा) उजेड अडवणारा एनडी फिल्टर लागेल. शटर वाढवून काम भागवणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या चित्रात चालणारा माणूस तुटक तुटक चालतो.

बसमधल्या प्रसंगात रोलिंग शटर त्रास देईल. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्या अवधीत खिडकीबाहेरचा खांब पुढे सरकलेला असतो, म्हणून तो तिरका दिसतो. हे एकवेळ चालते. हातातला हलका कॅमेरा बसच्या धक्क्यांनी थरथरला की सगळी चौकट जेलीसारखी हलते, ते मात्र चालत नाही. कॅमेऱ्याला वजन जोडा, तो छातीशी धरा, ८५ मिमी पेटीतच राहू द्या. छोट्या कॅमेऱ्याचा फायदाही याच प्रसंगात आहे. ‘हाऊस’ या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या हंगामाचा २०१० मधला अखेरचा भाग ५डी मार्क २ वर चित्रित झाला होता आणि त्यात ढिगाऱ्याखालच्या अरुंद जागेतले प्रसंग आहेत. मोठा कॅमेरा जेथे शिरत नाही तेथे हा शिरतो.

कानोसा

वरील प्रतिसादात आवाजाचा उल्लेख नाही, याचे ध्वनिमुद्रण करणारा माणूस म्हणून मला नवल वाटले नाही. मोठ्या पडद्यावर थोडे दाणे दिसले तर प्रेक्षक त्याला शैली समजतो, परंतु संवाद खोलीच्या कोपऱ्यातून आल्यासारखा वाटला की तो लगेच अस्वस्थ होतो.

कॅमेऱ्याच्या अंगच्या मायक्रोफोनचा आवाज फक्त जुळवणीपुरता वापरावा. संवाद वेगळ्या रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांत, बूम (लांब दांडीवरचा मायक्रोफोन) पात्राच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेऊन घ्यावेत. प्रत्येक टेकला क्लॅप (चित्र-आवाज जुळवण्यासाठी पाटीचा ठोका) द्या आणि प्रत्येक जागेची निःशब्द शांतता अर्धा मिनिट तरी मुद्रित करा. ती शांतता संकलनात सांधे झाकण्यासाठी लागते. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळे स्वतंत्र चालतात, त्यामुळे लांब टेकच्या शेवटी ओठ आणि शब्द किंचित सुटू लागतात. म्हणून टेक लहान ठेवलेले बरे.

चौकटींच्या वेगाचा निर्णय पहिल्या दिवसाआधी करा, कारण त्यात आवाजही अडकलेला आहे. चित्रपटगृहातील प्रत साधारणपणे २४ ची बनते. तुम्ही २५ ने चित्रित करून ती २४ वर आणलीत तर तुमचा २२ मिनिटांचा लघुपट ५५ सेकंदांनी लांबतो आणि आवाजाची पट्टी सुधारून घ्यावी लागते. कॅमेऱ्यात ‘२४’ लिहिलेले असले तरी पुष्कळदा तो वेग २३.९७६ असतो. फरक हजारात एकाचा, पण २२ मिनिटांत तो सव्वा सेकंदाहून थोडा अधिक होतो. माझ्या एका कामात चित्र २४ वर नेले गेले आणि आवाज तसाच राहिला. पहिला प्रसंग जुळलेला दिसल्याने कोणाच्या लक्षात आले नाही आणि अखेरच्या संवादात नायिकेचे ओठ मिटल्यावर तिचे वाक्य ऐकू आले. प्रत करणाऱ्याला मूळ वेग लेखी कळवा.

तिपाई

मी फोकस ओढण्याचे काम करतो, त्यामुळे माझे मत थोडे वेगळे आहे. उघडझाप यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट बरोबर असली तरी त्यांनी कॅमेऱ्याचा विचार चित्रापुरता केला आहे. सेटवर तो चालवायचा असतो माणसांना, आणि डीएसएलआर त्या माणसांसाठी घडवलेला नाही.

फुल-फ्रेमवर ८५ मिमी, एफ/१.८, पात्र दोन मीटरवर असताना स्पष्ट दिसणारी खोली सुमारे ६ सेंटीमीटर भरते. नट बोलता बोलता जरा पुढे झुकला की डोळे गेले. त्यात स्थिरचित्रणाच्या लेन्सचे फोकसचे कडे इतके थोडे फिरते की बोटभर हालचालीत मीटरभर अंतर पार होते, आणि काही लेन्समध्ये ते कडे नुसते मोटरला इशारा देते, म्हणून त्यावर खूण केली तरी दुसऱ्या टेकला ती जागेवर राहत नाही. चित्रण चालू असताना आरसा वर उचललेला असतो, त्यामुळे नेत्रिकेतून काही दिसत नाही. मागच्या छोट्या पडद्यावर भरवसा ठेवला तर फोकस चुकल्याचे घरी आल्यावरच कळते. बाहेरचा मॉनिटर आणि एक फोकस सांभाळणारा माणूस, या दोन गोष्टींवाचून हा लघुपट सुरू करू नये असे मी म्हणेन. शिवाय ‘सिनेमासारखे’ म्हणून सगळे एफ/१.८ वर चित्रित करण्याची हौस आवरा. एफ/५.६ वर तीच खोली १९ सेंटीमीटरच्या आसपास जाते, आणि मोठ्या पडद्यावर पात्राबरोबर त्याचे घरही थोडे दिसलेले चांगले असते.

सिनेमा कॅमेऱ्यात अंगचे एनडी फिल्टर, मायक्रोफोनच्या पक्क्या जोडण्या, टाइमकोड (चित्र व आवाज जुळवण्यासाठी चौकटींवरची वेळेची खूण) आणि १० बिट किंवा त्याहून अधिक नोंद मिळते. म्हणून माझा सल्ला असा की रात्रीच्या प्रसंगांपुरता तो भाड्याने घ्यावा आणि ऊन व बस डीएसएलआरवर उरकावी. मात्र तो घेतलात तर त्याच्यासोबत मोठ्या फाइली, त्यांच्या प्रती काढणारा एक माणूस आणि अधिक बॅटऱ्या हेही येते, याचा हिशेब आधी करा.

रातकिडा

सर्वांचे आभार. काल रात्री घरातच चाचणी घेतली. आयएसओ ३२००, एफ/२.८, कोपऱ्यात एक टेबल-दिवा आणि मागे पिवळसर भिंत. उघडझाप यांनी वर्तवल्याप्रमाणे दिव्याभोवती भिंतीवर पट्ट्यांची कडी स्पष्ट दिसली आणि चेहऱ्याच्या सावलीत दाणे आले. कापडावर तरंग मात्र जवळजवळ नव्हते. आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर आणि फोकससाठी एक मित्र, हे ठरले. आता प्रश्न एकच उरतो : रात्रीसाठी दुसरा कॅमेरा आणला तर दोन्हींचे चित्र जुळेल का?

उघडझाप

प्रयत्नाने जुळेल, पण तो प्रयत्न तुम्हाला १० बिटांच्या चित्रावरच करावा लागेल, कारण चांगले चित्र वाईटाकडे ओढणे जमते, उलटे जमत नाही. तिपाई यांच्या सूचनेवर मला एवढीच शंका आहे. रात्र आणि ऊन हे प्रसंग एकमेकांना लागून नसतील तर डोळा फरक माफ करतो. एकाच प्रसंगात दोन कॅमेरे मात्र मिसळू नका.

निर्णयाआधी तीच चाचणी थोडी बदलून पुन्हा घ्या. दिव्याच्या मागची भिंत मोकळी ठेवू नका. तेथे पडदा, पुस्तकांची मांडणी किंवा खडबडीत पोत असलेले काहीही आणा, कारण पट्ट्या दिसतात त्या गुळगुळीत उतरत्या उजेडावर, पोत असलेल्या पृष्ठभागावर त्या विरतात. टेबल-दिवा चित्रात राहू द्या, पण चेहऱ्यावर उजेड दुसऱ्या, मऊ केलेल्या दिव्याने त्याच दिशेकडून द्या आणि आयएसओ ८०० पर्यंत खाली आणा. म्हणजे आजच्यापेक्षा दोन स्टॉप अधिक उजेड लागेल, चौपट. घरगुती खोलीत तो एका बऱ्यापैकी एलईडी दिव्याने होण्यासारखा आहे. ग्रेडिंगनंतर अगदी अल्प कृत्रिम दाणा मिसळा, त्याने उरलेल्या पट्ट्या मोडतात.

एवढे करून ती फाइल शक्य असल्यास प्रोजेक्टरवर, अंधाऱ्या खोलीत, पडद्याच्या अगदी पुढे बसून पाहा. तेथे पट्ट्या दिसल्या नाहीत तर दुसरा कॅमेरा न आणता हाच दोन दिव्यांचा उजेड वापरा. दिसल्याच, तर रात्रीचे सगळे प्रसंग एका सलग वेळापत्रकात घेऊन तेवढ्यापुरता १० बिटांचा कॅमेरा आणा.