मदत हवी आहे : विद्यार्थी मंत्रिमंडळ निवडून आले, पण पुढे काय?

पाटीपेन्सिल :
नमस्कार. मी वर्गशिक्षिका आहे. आमच्या शाळेत विद्यार्थी मंत्रिमंडळाची निवडणूक होऊन शपथविधीही पार पडला. त्यानंतर मात्र शिक्षक वर्गाबाहेर गेले की पंतप्रधान झालेला मुलगा बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो आणि शिक्षकांची चाहूल लागताच आपल्या मित्रांची तेवढी नावे तळहाताने पुसून टाकतो. आरोग्यमंत्री नखे तपासते. बाकीचे मंत्री नुसते बिल्ले लावून बसतात. पराभूत झालेली एक मुलगी उत्तर येत असूनही आता हात वर करीत नाही, याची मला सर्वाधिक काळजी वाटते. पालकसभा तोंडावर आली आहे. काय करावे, ते कृपया लवकर सांगावे.

फळाखडू :
इयत्ता कोणती आहे? मतदान हात वर करून झाले की चिठ्ठीने? मंत्र्यांची मुदत किती, आणि त्यांची कामे कोणी ठरवली? हे कळल्याशिवाय सल्ला देणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

निवृत्त मुख्याध्यापक :
माझ्या मते या वयात निवडणूकच नको. ती बोलक्या मुलांच्या लोकप्रियतेची स्पर्धा होते आणि अबोल मुले कायमची मागे राहतात. चिठ्ठ्या टाकून सोडत काढावी आणि महिन्याने पदे बदलावीत. प्राचीन अथेन्समधील 500 सदस्यांचे मंडळ दरवर्षी सोडतीनेच निवडले जात असे आणि तेथील लोकशाही त्यामुळे अडली नाही.

दोन मुलांची आई :
सर, आपल्याविषयी आदर राखूनही मला हे पटत नाही. मी काय करणार आहे, हे चारचौघांत सांगून विश्वास मागणे आणि तो न मिळाल्यास तेही पचवणे, हे मुले सोडतीतून कसे शिकतील? दोष निवडणुकीचा नसून ती कशी घेतली याचा असावा.

शुभ्रलेखणी :
शपथेचा मसुदा हवा असल्यास माझ्याकडे सोपा आणि सुटसुटीत मसुदा आहे. बिल्ले कापडी घ्यावेत. धातूच्या पिनेने गणवेश फाटतो.

पाटीपेन्सिल :
शपथविधी झाला आहे, हे मी वर लिहिलेच आहे. इयत्ता चौथी. मतदान हात वर करून झाले, मुदत वर्षभराची आहे आणि कामांची यादी मी तयार केली होती. परंतु माझा प्रश्न त्या मुलाच्या वागण्याचा आहे, मतदानपद्धतीचा नव्हे.

फळाखडू :
ताई, दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. हात वर करून मत देताना मूल आधी मित्राकडे पाहते आणि मग हात उचलतो की नाही ते ठरते. कोण आपल्या बाजूने नव्हते, हेही पराभूत मुलीने डोळ्यांनी पाहिलेले असते. पुढच्या वेळी गुप्त मतदानच घ्यावे.

मूळ अडचण मात्र निराळी आहे. आपण मंत्र्यांना देखरेखीचे आणि तक्रारीचे अधिकार दिले आहेत. निर्णयाचा एकही अधिकार दिलेला नाही. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1939 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, साधारण दहा वर्षांच्या मुलांच्या गटांपैकी जिथे नेता केवळ हुकूम सोडत असे, तिथे तो खोलीबाहेर जाताच काम मंदावत असे. जिथे काम चर्चेने ठरलेले असे, तिथे ते बऱ्याच अंशी तसेच चालू राहत असे. आपला पंतप्रधान शिक्षकांच्या गैरहजेरीत हुकूम सोडणाराच झाला आहे, कारण नेतृत्वाचा दुसरा नमुना त्याला मिळालेलाच नाही. फळ्यावर नावे लिहिणे आजच बंद करावे आणि मंत्रिमंडळापुढे वर्गाचा एखादा खरा प्रश्न ठेवावा.

निवृत्त मुख्याध्यापक :
यात मी भर घालतो. पोलंडचे डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी वॉर्सामधील आपल्या अनाथाश्रमात मुलांचे न्यायालय चालवले होते आणि त्याचे न्यायाधीश मुलांमधूनच सोडतीने निवडले जात. त्या न्यायालयाच्या नियमसंहितेतील बहुतेक कलमे क्षमेची होती. त्या मुलाला शिक्षा करून पदावरून काढू नये, एवढे मात्र जरूर पाहावे.

दोन मुलांची आई :
याबाबत आपण दोघे सहमत आहोत. पंतप्रधानाने काय करावे आणि काय करू नये, हे वर्गालाच विचारावे. त्याला मत मुलांनी दिले आहे, शिक्षकांनी नव्हे. त्या मुलीला मात्र सांत्वन म्हणून एखादे पद देऊ नका, मुलांना ते लगेच कळते. सभेचे कामकाज चालवण्याची पाळी सर्वांना मिळू द्या आणि तिची पाळी लवकर येऊ द्या.

पाटीपेन्सिल :
आता दिशा दिसते आहे. मधल्या सुट्टीत चेंडू कोणी घ्यायचा, यावर आमच्याकडे रोज भांडण होते. उद्या तोच विषय ठेवते. परंतु बहुमताने ‘मुलींना चेंडू द्यायचा नाही’ असे ठरले तर?

फळाखडू :
म्हणून मर्यादा चर्चेपूर्वीच सांगाव्यात : कोणालाही वगळणारा निर्णय मतदानाला टाकता येणार नाही आणि मुलांच्या सुरक्षिततेचे निर्णय शिक्षकांकडेच राहतील. आपले म्हणणे मांडण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील कलम 12 नुसार प्रत्येक मुलाला आहे, केवळ बहुमतातल्या मुलांना नव्हे. जे ठरेल ते एका वहीत मुलांच्याच अक्षरात लिहून घ्यावे : काय ठरले, कोण करणार आणि केव्हापर्यंत. निर्णय दोन आठवड्यांपुरताच ठेवावा. नाही जमला तर मुलेच तो बदलतील. पालकसभेत तीच वही दाखवता येईल.

पाटीपेन्सिल :
वही उद्या वर्गातच ठेवते. पहिल्या सभेचे कामकाज त्या मुलीकडे देऊ की सोडतीने ठरवू?

निवृत्त मुख्याध्यापक :
सोडतीने.

दोन मुलांची आई :
आधी तिला एकटीला विचारा. तिची इच्छा असेल तर दुसरी सभा तिची. पहिल्या सभेत तिला बसून पाहू द्या.