टॉवेल रेल लावताना आधी झोन बघा
लंडनच्या फ्लॅटमधलं बाथरूम लहान म्हणून इलेक्ट्रिक टॉवेल रेल (टॉवेल वाळवणारी तापती दांडी) टबाच्या अगदी शेजारी लावायची म्हणताय, पण आधी झोन बघा, म्हणजे पाण्यापासूनच्या अंतरावरून ठरवलेले बाथरूमचे वीज-सुरक्षेचे भाग. टबाच्या कडेपासून ६० सेंमीपर्यंत झोन २ धरतात, तिथे किमान आयपीएक्स४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षणाचा दर्जा) लागतं आणि सर्किटला ३० मिलिअँपची आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारं उपकरण) हवीच, स्विचवाला फ्यूज्ड स्पर (रेलची वायर जिथे जोडतात तो फ्यूजवाला स्विच) बाथरूमच्या बाहेर घ्या आणि काम रजिस्टर्ड इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या प्लीज. क्रोम दिसतं छान, पण त्याच मापाची पांढरी रेल जास्त उष्णता देते, मी पांढरीच घेईन. घराच्या हीटिंगच्या बॉयलरमधल्या गरम पाण्यावर चालणारी घेतलीत तर उन्हाळ्यात हीटिंग बंद की टॉवेल ओलेच, त्यापेक्षा ड्युअल फ्युएल (बॉयलरचं पाणी आणि वीज दोन्हींवर चालणारी) बरी, फक्त आतला विजेचा एलिमेंट चालू असताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद करू नका, पाणी तापून फुगतं त्याला जायला जागा लागते.